द. शि. यांचं परीक्षण

पिक्चर संपला, दिवे लागले, माणसं धोतरं झटकत उठली, तरी बाई आपल्या जागेवर बसूनच राहायच्या. मी बायकांच्या बाजूच्या कनातीपाशी जाऊन म्हणायचो, "चला, तंबूवाले सतरंज्या गुंडाळायला लागले." त्या कपाळावर एक बोट टेकवून म्हणायच्या, "थांबा हो. इथं अजून चालू आहे."

मग आम्ही चालत निघायचो. तिठा ओलांडेपर्यंत त्या चकार शब्द बोलायच्या नाहीत. तिठा ओलांडला की एकदम सुरू. नायिका रडताना तिच्या नाकातून पाणी का येत नाही, इथपासून सुरुवात. त्यांच्या वस्तीच्या अलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत मी सोबत जायचो. तिथं त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "इथून मी जाते." पेठेत त्यांना खोली मिळाली नव्हती. का मिळाली नाही, हे कोणी बोलायचं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं.

शिरूरला तेव्हा चार पानांचं एक साप्ताहिक निघायचं. संपादकांना सगळे आप्पा म्हणायचे. छापखाना त्यांचाच. मी मांडवगण फराट्याचा, शेतीत मन न लागलेला, म्हणून आप्पांकडे मुद्रितं तपासायचो आणि मागचं पान भरायचो. मागच्या पानावर बाजारभाव, वधू-वर आणि तंबूत लागलेल्या पिक्चरचं परीक्षण. परीक्षण मी जाहिरातीच्या कागदावरून उतरवून काढायचो. पिक्चर बघायची गरज आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

बाई एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीचे कागद छापून घ्यायला एकदा आल्या आणि पडलेला अंक उचलून उभ्या उभ्या वाचू लागल्या. वाचता वाचता हसल्या.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"पिक्चर बघून?"

मी टेबलावरचा जाहिरातीचा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "तो पिक्चर मी काल पाहिलाय. ज्या नटाची तुम्ही एवढी तारीफ केलीय, तो त्यात नाहीच."

आतून आप्पा हसले ते ऐकू आलं. म्हणाले, "मग तुम्हीच लिहा की, ताई."

अशा त्या लिहू लागल्या. नाव घालायला तयार नव्हत्या. दौंडच्या, नोकरीला शिरूरला, म्हणून 'द. शि.' एवढंच खाली यायचं. वाचकांनी मात्र दत्तात्रय शिवराम नावाचा एक निवृत्त हेडमास्तर मनानं उभा केला होता. चहाच्या हॉटेलात लोक मला सांगायचे, "मास्तर लई कडक दिसतोय. पोरं घाबरत असतील." मी मान डोलवायचो.

दौंडच्या रेल्वे क्वार्टरात बाई वाढल्या. वडील पॉइंट्समन, गाड्यांचे सांधे बदलणारे. रेल्वेतल्या साहेब लोकांच्या क्लबाच्या, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या, मैदानात पडदा लावून इंग्रजी पिक्चर दाखवत. पुढं बसायची मुभा नव्हती, म्हणून ही मुलगी पडद्याच्या मागच्या बाजूला गवतात बसायची. "सगळी माणसं डावखुरी दिसायची," त्या सांगायच्या. "मला बरेच दिवस वाटायचं, विलायतेत तशीच असतात."

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. पुण्याकडच्या खुनांच्या बातम्या वाचून लोक तिन्हीसांजेला दारं लावून घ्यायचे. अशात दौंडच्या एका फोटोग्राफरनं पिक्चर काढला. स्टेशनासमोर त्याचा स्टुडिओ होता. लग्नाचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढणारा माणूस, पण डोक्यात एकच वेड. कॅमेरा कुठून तरी मागून आणला, नाटकमंडळींतले नट गोळा केले, आणि दौंडच्या यार्डात, भीमेच्या पुलाखाली, वडगाव रासाईच्या उसात पिक्चर उरकला. गोष्ट एका घड्याळजीची. दिवसा निमूटपणे घड्याळं दुरुस्त करणारा हा इसम एकामागून एक पाच बायकांचा जीव घेतो.

शिरूरला तंबूत तो लागला तेव्हा बाजारासारखी गर्दी झाली. लोकांना खुनापेक्षा आपला पूल आणि आपला ऊस पडद्यावर बघायचा होता. खुनाला शिट्ट्या पडल्या. "आरं, त्यो नानांच्या मळ्यातला पाट हाय," असं कोणी तरी ओरडलं आणि पडद्यावरची बाई मरत असताना तंबू हसला.

रक्तासाठी काकवी वापरली होती. आपल्या भागात काकवी कुठंही मिळते आणि काळ्या-पांढऱ्या पिक्चरात ती रक्तासारखी दिसते. पण एका मेलेल्या बाईच्या गालावर मुंगी चढली आणि कॅमेरा तिथंच होता. मुंगी गालावरून कानापर्यंत गेली. लोक पोट धरून हसले.

त्या दिवशी बाई तिठा ओलांडल्यावरही बोलल्या नाहीत. गिरणीपाशी थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सोमवारी देते लिहून."

त्यांनी लिहिलेलं मला आजही बरंचसं पाठ आहे. फोटोग्राफरला प्रकाश कळतो, असं त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं. शंटिंगच्या धुरातून घड्याळजी चालत येतो तसं दृश्य मोठ्या कंपन्यांच्या पिक्चरांतही बघायला मिळत नाही, असंही. घड्याळजीचं काम करणारा कापडदुकानदार तर आपल्याला रोज सुटे पैसे देणाऱ्या माणसासारखा साधा दिसतो आणि म्हणूनच भीती वाटते. पुढं लिहिलं होतं: 'खुन्याची आई कोण, त्याला लहानपणी ताप कधी आला, हे सगळं आपल्याला कळतं. ज्या पाचजणी मेल्या त्या कोण होत्या, कुठं निघाल्या होत्या, हे कळत नाही. त्यांना ओरडण्यापुरतंच तोंड दिलं आहे. तिसरी मेली तेव्हा त्या मुंगीशिवाय तिच्याजवळ कोणी आलं नाही.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. तंबूवाल्याची जाहिरात त्याच पानावर होती. "छाप," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

पुढच्या शनिवारी दुपारी फोटोग्राफर छापखान्यात आला. अंक मुठीत चुरगळलेला. दारातूनच म्हणाला, "द. शि. कोण हाय? मला भेटायचंय त्यांना."

बाई कोपऱ्यात स्टुलावर बसून आपलंच पुढचं मुद्रित तपासत होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "मी."

तो हेडमास्तराशी भांडायच्या तयारीनं आला होता. समोर निळ्या काठाच्या सुती साडीतली, त्याच्याहून लहान बाई बघून त्यानं मुठीतला अंक खाली घेतला. शेवटी बाकावर बसला. म्हणाला, "बाई, रुपाया रुपाया जमवून काढलाय मी."

"दिसतंय ते. म्हणून तर एवढं लिहिलं. वाईट असता तर चार ओळींत संपवला असता."

"पर त्या बायका मरायलाच आल्यात गोष्टीत. त्यांनी काय बोलायचं?"

"दादा, तुमच्या स्टुडिओत फोटो काढायला बाई येते. बसल्या बसल्या काही तरी बोलतेच ना? का येते आणि गपचूप बसून जाते?"

"बोलतात की. लई बोलतात."

"मग तेच."

चहा आला. तो पिऊन त्यानं बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "थोडी फिल्म उरलीय माझ्याकडं. त्या तिसरीचा नुसता गाल दिसतोय, तोंड नीट दिसत न्हाई पिक्चरात, उजेड गेलता. ती नटी आता साताऱ्याकडं गेलीय. तिच्या मरणाआधीचा एक सीन दुसरी कुणी बाई घेऊन घालता यील. तुम्ही लिहून देता?"

बाईंनी पुन्हा मुद्रितात डोकं घातलं. त्याला वाटलं, राग आला. पण पुढच्या आठवड्यात त्या छापखान्यात आल्या आणि मला म्हणाल्या, "त्यांना निरोप द्या. लिहिलंय. पण बोलणार मीच. नाटकातली आणली तर ती पुण्याचं बोलेल. ही बाई दौंडची आहे."

मी विचारलं, "कचेरीत काय म्हणतील?"

"म्हणतील काही तरी. इतकी वर्षं पडद्यामागनं बघितलं. एकदा पुढनं बघू."

रविवारी दुपारी दौंडच्या फलाटावर ते दृश्य घेतलं. मी पत्र्याचा चकचकीत तुकडा धरून उन्हाचा कवडसा त्यांच्या चेहऱ्यावर पाडत होतो. त्यामुळं मला त्यांच्याकडं एकटक बघत उभं राहायचं कामच मिळालं होतं. तसं बघायची संधी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती आणि नंतरही नाही. हात अवघडला, तरी मी तो पत्रा दुसऱ्या कोणाच्या हातात दिला नाही.

दृश्य साधं होतं. बाकावर एक बाई गाठोडं घेऊन बसलेली. चहावाल्याला विचारते, "बारामतीची गाडी कवा हाय वो?" तो सांगतो. मग ती आपण होऊनच बोलू लागते. बहिणीचं पहिलं बाळंतपण हाय. कालच दिवस भरलं. बहीण म्हणली, आधीच काय शिवून आणू नगंस. पण मला कुठं दम निघतोय. असं म्हणून ती गाठोड्यातून एक टोपडं काढते, आपल्या मुठीवर चढवते, मूठ अशी तशी फिरवून बघते आणि चहावाल्याला विचारते, "व्हईल न्हवं?" तो हसतो. एवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला घड्याळजी येऊन बसतो.

बस, एवढंच. आवाज नंतर पुण्याला जाऊन भरला.

पिक्चर शिरूरला पुन्हा लागला तेव्हा बाईंनी वडिलांना दौंडहून बोलावून घेतलं. उंच, वाकलेले, अंगात जुना रेल्वेचा कोट. ते माझ्याशेजारी बसले. मुलगी पडद्यावर दिसली तेव्हा त्यांनी माझा गुडघा धरला. टोपडं मुठीवर चढलं तेव्हा बायकांच्या बाजूनं हसण्याची एक लाट आली, पण ते हसू वेगळं होतं. आणि घड्याळजी बाकावर येऊन बसला, तसा तिकडून कोणा म्हातारीचा आवाज आला, "ऊठ गं बाई तिथनं. नगं बसू त्याच्याजवळ."

कोणीही शिट्टी मारली नाही. यार्डातला अंधार आला, आणि बाईंचे वडील उठून सरळ बाहेर चालू लागले.

मी मागोमाग गेलो. कनातीच्या दुसऱ्या बाजूनं बाईही आल्या. बाबा बैलगाड्यांपाशी पाठमोरे उभे होते.

"बाबा, खोटं आहे ते. मी ही काय इथं उभी."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "काकवी हाय, तू सांगितलंस की. पर मला न्हाई बघवत."

बाई त्यांचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या. आत कोणी हसत नव्हतं. तंबूत पाच-सहाशे माणूस होतं आणि मुंगीच्या वेळी एक आवाज आला नाही. पिक्चर तोच होता, मुंगीही तीच. बाईंनी मान वळवून ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या दिवशी आम्ही शेवटपर्यंत आत गेलो नाही.

त्यानंतर द. शि. म्हणजे कोण हे सगळ्यांना कळलं. कचेरीतल्या काहींनी बोलणं सोडलं, काहींनी नव्यानं सुरू केलं. पण गंमत बाजारात झाली. भाजी घेताना मांडवगणच्या दोघी-तिघींनी बाईंना ओळखलं आणि अडवलं. एक म्हणाली, "तुमी त्या ठेसनावरच्या न्हवं? मग तुमच्या बहिणीला काय झालं वो?"

बाई थबकल्या. मला वाटलं, आता समजावून सांगतील, की ती गोष्ट आहे. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि त्यांच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्तीची टाकली.

पुढच्या वर्षी बाई कसलीशी परीक्षा पास झाल्या आणि औरंगाबादला मोठ्या जागेवर नेमणूक आली. निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो. बाबाही आले होते. ते ट्रंक टपावर चढवून घेत होते. तेवढ्या वेळात मी म्हणालो, "औरंगाबादलाही छापखाने असतील. मी तिकडं आलो तर?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मला काय म्हणायचं होतं ते त्यांना समजलं, हे मला दिसलं.

"आलात तर मला आवडेल," त्या म्हणाल्या. "पण आत्ता नका येऊ. तिथं मला कोणी ओळखत नाही. थोडे दिवस माझं मीच राहून बघते. इथं मी कायम कुणाच्या तरी सोबतीनं चालले."

"मग बोलवाल?"

"बघू," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. ते हसू होकाराचं होतं की नकाराचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी नगरच्या रस्त्याला लागली. बाबा आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होतो. मग ते म्हणाले, "चला, मला दौंडची गाडी बघितली पायजे," आणि कोटाची बटणं लावत निघून गेले.

पत्रं आली, दोन-तीन. खोली चांगली मिळाली, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं, असं पहिल्यात होतं. शेवटच्यात कामाचा फार रेटा आहे, असं. बोलावणं कोणत्याच पत्रात नव्हतं, आणि मीही न बोलावता गेलो नाही. तो पिक्चर पुढं कुठं लागला नाही. एकच प्रत होती, ती तुकडे तुकडे होऊन संपली, असं फोटोग्राफर म्हणाला.

मागच्या पानावर मग मी लिहू लागलो, पिक्चर बघून. वाचकांना ते आवडायचं असं आप्पा म्हणायचे. मला इतकंच माहीत आहे, की तंबूतून बाहेर आल्यावर माझी पावलं आपोआप घोडनदीच्या पुलाकडं वळायची. नदीच्या या काठाला आपला जिल्हा संपतो, पलीकडं दुसरा. कठड्याला टेकून मी उभा राहायचो. नगरकडं जाणारी एखादी एसटी मागून यायची, पूल हलायचा, आणि तिचा तांबडा दिवा पलीकडच्या चढाला लागून, वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहायचो.