तलावातल्या माशांची न्याहारी

आमच्या तलावाला कोल्हापूरच्या मोठ्या तलावांची प्रसिद्धी नाही. शहर संपून उसाची शेतं सुरू होतात, तिथं तो आहे. एक घाट, एक पिंपळ आणि पिंपळाखाली सूचना लावायचा फळा. पहाटे फिरायला येणारे सात-आठ निवृत्त लोक घाटावर बसून सरकारच्या कारभारात दुरुस्त्या सुचवतात. मी त्यांच्यात वयाने लहान. एका दैनिकात बातमीदार.

मंडळींचे प्रमुख एक निवृत्त एसटी कंडक्टर. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते घाटावरून 'पुढं सरका' म्हणाले, तर पलीकडच्या काठावरच्या म्हशीही सरकतील असा आवाज.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या सुरुवातीला मासे पहाटे वर येऊ लागले. पाण्याबाहेर शेकडो तोंडं, सारखी उघडझाप. मामांनी उभ्या उभ्या निदान केलं.

"उपाशी हाईत की ही! आपल्या दारात आलेलं कोण उपाशी जातंय व्हय?"

कोल्हापुरात पाहुण्याने दोनदा नको म्हटलं, तरी तिसरी भाकरी ताटात पडतेच. माशांना तर तेवढंही म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी चुरमुरे आले, तिसऱ्या दिवशी कणकेच्या गोळ्या. एक गृहस्थ मिसळीच्या हॉटेलातून उरलेले पाव आणत. कट लागलेला माशांना तिखट लागेल म्हणून कोरडे तेवढे निवडून. मासे दुसऱ्या पहाटे पुन्हा वर येत, आदल्या दिवसापेक्षा जास्त. मामांना ती पसंतीची पावती वाटे.

मी बातमी केली. 'मुक्या जिवांना मायेचा घास' असा मथळा आणि मूठ उघडून उभ्या असलेल्या मामांचा फोटो. मामांनी कात्रण फळ्यावर चिकटवलं. त्यानंतर लांबून लोक येऊ लागले. शनीची पीडा जावी म्हणून दर शनिवारी कणीक येई. शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याने तर चुरमुऱ्यांचं पोतंच ओतलं. पाणी हिरवं झालं, मग गडद हिरवं, आणि मग त्याला वास येऊ लागला.

तलावातल्या मासेमारीचा ठेका हातकणंगल्याकडच्या एका मासेमाराकडे होता. आदल्या पावसाळ्यात त्याने कटला आणि रोहूची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली होती. मेअखेरीस जाळं टाकायचं होतं. त्याचं सगळं वर्ष त्या पाण्यात होतं. तो एका पहाटे आला, त्याने कात्रण वाचलं आणि पिशवीतून दोरी बांधलेली पांढरी ताटली काढून पाण्यात सोडली.

"पावणं, थंडीत ही ताटली हातभर खाली दिसत हुती. आता वीतभरात गडप."

"मग? पाणी कसं हिरवंगार हाय की," मामा म्हणाले.

"त्येच वंगाळ हाय. ही मासं उपाशी न्हाईत, त्यास्नी श्वास मिळंना झालाय. दम्याच्या माणसाच्या तोंडात तुमी सकाळ सकाळी भाकरी कोंबताय!"

मग त्याने समजावून सांगितलं. उन्हाळ्यात पाणी आटून तापलं की त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. त्यात माशांनी न खाल्लेलं तळाशी जाऊन कुजतं. त्या खतावर शेवाळ वाढतं. कुजणं आणि शेवाळ दोन्ही मिळून पाण्यातला प्राणवायू रात्रभर ओढतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो, म्हणून मासे वरच्या थराला तोंड लावतात.

मामांनी शांतपणे फळ्याकडे बोट दाखवलं. "पेपरात आलंय."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बातमी देण्याआधी मी एकाही जाणकाराला विचारलं नव्हतं. मामांना विचारलं होतं.

त्या दिवशी मी संपादकांकडे खुलासा छापण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "माशांनी तक्रार केलीय का?"

तिसऱ्या पहाटे ती आली. सात मोठे कटले पोट वर करून घाटाला लागले होते. मासेमार पायरीवर बसून होता. मामांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. त्यांच्या बाबतीत ही बातमी म्हणता आली असती. त्यांनी हातातली चुरमुऱ्यांची पिशवी बांधली आणि विचारलं, "आता काय करायचं, त्ये सांगा."

"खाणं बंद. आन पानी हालवाय पायजे, वरनं पडाय पायजे."

दुपारपर्यंत मामांनी शेजारच्या ऊसवाल्याचं पाण्याचं इंजिन मागून आणलं. ते तलावातलं पाणी उचलून उंचावरून तलावातच फेकू लागलं. रोज पहाटे चारपासून ऊन वर येईपर्यंत. आणि घाटाच्या तोंडाशी मामा स्वतः उभे. पिशवी घेऊन कोणी दिसला की आवाज येई, "जागा न्हाय! पुढं चला!"

"आवो मामा, शनवार हाय."

"शनीला सांगा, गाडी भरलीय."

खुलासा सहा ओळींचा आला, भाजीपाल्याच्या दरांखाली. त्या आठवड्यात आणखी चार मासे गेले, मग एकही नाही. दहाव्या पहाटे पाण्यावर एकही तोंड नव्हतं. पाहुणे न सांगता गेल्यासारखा मामांचा चेहरा झाला होता. मेअखेरीस जाळं ओढायला सहा माणसं लागली. मासेमाराने एक कटला मामांपुढे धरला. मामांनी हात मागे घेतला.

"ह्येला मी हातानं चारलंय. न्हाय खायाचो."

जाताना मासेमाराने ताटली मामांना दिली. ते रोज ती सोडतात आणि खोली बोटांनी मोजून सगळ्यांना ऐकवतात. खुलाशाचं कात्रणही त्यांनीच फळ्यावर लावलं, जुन्या बातमीवर, मजकूर नीट झाकला जाईल असं मापात कापून.

फोटो तेवढा झाकलेला नाही.