मामाजी आणि कापसाचा उतार

बर्फाच्या कड्याखाली गाडले जाण्याची भीती बाळगणारा उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. खच्चरांच्या पलटणीत उमेदीची वर्षं काश्मीरकडे काढून मामाजी सत्तावन्न साली पांढरकवड्याला परतले. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या पोत्यातला, भुसा लागलेला. पण मामाजींना उतार दिसला की धोका दिसे. टेकडीवरच्या देवीला निघालो की ते भर एप्रिलात आम्हाला वीस-वीस पावलांचं अंतर ठेवून चढायला लावत. "सारे एकाच वक्ती गेले तं काढाले कोन राहीन?" हा त्यांचा सवाल. पंगतीत भाताची मूद आली की वरण घेण्याआधी तिची कड बोटाने दाबून पाहत. भात कच्चा राहिला का, असं माझ्या सासूबाईंनी एकदा धास्तावून विचारलं, तर गंभीरपणे म्हणाले, "नाही ताई, चांगला बसला हाय."

मी कापसाची सरकी काढणाऱ्या ज्या जिनात कारकून होतो, तिथेच त्यांना पहारेकऱ्याचं काम मिळालं. आवारात घराएवढ्या कापसाच्या गंज्या. वर चढण्यापेक्षा सोपं म्हणून मजूर बाया पायथ्याचाच कापूस ओढून टोपल्या भरत. त्यामुळे खाली छान पोकळी होई आणि दुपारी त्याच सावलीत त्यांच्या भाकरी सुटत. मामाजींनी गंजीत काठी खुपसली, कापूस चोळून पाहिला आणि निकाल दिला: दवाने जड झालेला थर वर, सुका भुसभुशीत खाली, बर्फही असाच घसरतो. मुकादम रहीमभाई म्हणाले, "हवलदार, बर्फ गोळेवाल्याकडं भेटते. काठी तिथं खुपसा." मामाजी मालकांकडे गेले. मालक स्वतःच्या सत्काराला द्यायचं उत्तर पाठ करत होते. त्यांनी मान डोलावली, ती भाषणाला.

मग मामाजींनी डाव टाकला. जेवणाच्या भोंग्याआधीच ते त्या पोकळीत घोंगडी अंथरून बसू लागले. वडीलधाऱ्या पुरुषासमोर बाया भाकर खाणार कशा? त्या कुरकुरत निंबाखाली गेल्या. त्यांची म्होरकी गिरजाबाई मला म्हणाली की बुढ्यानं आमची सावली खाल्ली.

नवव्या दुपारी गंजी खाली आली. मोठा आवाजही झाला नाही. नुसता धप्प, आणि मामाजी दिसेनासे. रहीमभाई आणि बाया हातांनी कापूस उपसू लागले. मामाजी निघाले ते नखशिखान्त पांढरे, आणि पहिला शब्द बोलले, "बाया मोजा." रहीमभाईंनी मुकाट्याने दोनदा मोजल्या. "चौदाच्या चौदा हायेत, हवलदार."

तेव्हा कुठे ते भिंतीला टेकले. गिरजाबाईने आपल्या गडव्यातलं पाणी त्यांना पाजलं. एवढं ठाऊक होतं तर आत बसलात कशाला, असं मी रागानेच विचारलं. त्यांनी आधी मिशीतला कापूस काढला.

"तिकडं बी मले ठाऊक होतं, जावईबापू. साहेबाले सांगतलं बी. पन एकदाच सांगतलं."

तिकडे किती जण होते, ते मी विचारलं नाही.