जवसाचं तेल, रोज एक पळी

पळी माझ्यापुढे करण्याआधी अक्का ती स्वतःच्या नाकाशी नेई. जवसाचं तेल लवकर खवट होतं. वास घेऊन म्हणे, "ताजं हाय. पी. तोंड वाकडं करू नको."

अक्का आमच्या जनवाडा गावची तेलीण. घरच्या घाण्यावर करडई, जवस गाळायची. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी घरी परतले, तेव्हा माझ्या पोटऱ्यांची कातडी कोंड्यासारखी सुटत होती. वसतिगृहातल्या मुली माझ्या शेजारी जेवायला बसत नसत. आई कामाच्या घाईत खोबरेल चोळायची. अक्काने पाहिलं आणि ती आईला म्हणाली, "वरून किती चोपडायलीस? पोटातून जाऊ दे की."

मग ती रोज सकाळी येऊ लागली. तेल पाजून माझा पाय मांडीवर घेई, उन्हाकडे वळवून बघे. मला असा हात दुसरं कुणी लावत नसे. मी गप्प, तीच बोले, अर्धं मराठी, अर्धं कानडी. "मुकी हाईस, का मनात इंग्रजी बोलायलीस?" मला हसू फुटे.

आषाढात पाय गुळगुळीत झाले. तेलाने की पावसाळी हवेने, मला आजही ठाऊक नाही. आता अक्का कशाला येईल, एवढं मात्र लगेच कळलं. तुम्ही हसाल, पण मी संध्याकाळी पोटऱ्यांना चुलीतली राख चोळू लागले. सकाळी ती यायच्या आत धुऊन टाकी. कातडी पुन्हा सुटू लागली.

"आता कामून उठायलंय गं हे?" अक्का घाबरली. घाणा धुतला. कमठाण्याहून नवं जवस आणलं. माझा पाय मांडीवर जास्त वेळ राहू लागला. मी सुखात होते.

एके दिवशी शेजारणीने लेकराच्या खरजेसाठी तेल मागितलं. अक्का म्हणाली, "खायाला ने, माय. कातडीला माझ्या तेलाचा गुण न्हाई. उगं सांगत आले लोकास्नी."

मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवसापासून अक्का आली नाही.

खरं सांगायचं वाक्य जुळवायला मला आठ दिवस लागले. घाण्यावर गेले, तर अक्काची लेक तिला आपल्या घरी अफजलपूरला घेऊन गेली होती. अंगणात, वाईट ठरवून टाकून दिलेल्या जवसाचा ढीग होता. चिमण्या टिपत होत्या. मी मूठभर उचलून बराच वेळ पाहिलं. एकही दाणा किडका नव्हता.