आधी कोण?

आमच्या बंदर खात्याच्या कचेरीतला नेटवर्कचा माणूस अंजनवेलचा. काहीही सांगा, स्विचच्या पेटीवर तळवा ठेवून 'बघतो हां' म्हणायचा नि आपल्याच मनासारखं करायचा. मला राग यायचा त्याचा. फोन, व्हिडिओ, ईमेल सगळं एकाच बारीक लाइनीतून जायचं. त्यात आधी कुणाला सोडायचं, ते तो स्विचमध्ये बसवायचा. "फेरीबोटीत आधी आजारी माणूस, मग गाड्या," म्हणायचा.

वादळाच्या त्या दुपारी साहेबांची मुंबईच्या वरिष्ठांशी व्हिडिओवर बैठक होती.

"चित्र अडकता कामा नये," साहेबांनी बजावलं.

"बघतो हां."

शेजारी मी नाटे बंदराचा फोन कानाला लावून होतो. एक होडी अजून बाहेर समुद्रात होती आणि आवाज सारखा तुटत होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कीबोर्डावर काहीतरी बडवलं. माझ्या कानातला आवाज स्वच्छ झाला आणि पडद्यावरचे वरिष्ठ तोंड उघडं टाकून थिजले.

"अरे, काय केलंस हे?" साहेब कडाडले.

तो हलला नाही. तळवा पेटीवर तसाच.

"लागली हो, होडी धक्क्याला लागली!" तिकडून कोणीतरी ओरडलं. मी त्याच्याकडे बघून मान डोलावली.

तेव्हा कुठे तो साहेबांकडे वळला.

"हां, आता तुमची गाडी घेतो."