तिव्याचा तिसरा दिवस

घरात कोणी तापानं पडलं की मी आताशा नुसती उशाशी बसते. लोकांना वाटतं, म्हातारीला माया नाही. मायेनं काय होतं ते मी एकदा पाहिलंय. आता त्या आठवणीचाही थकवा येतो.

इंग्रजांचं राज्य होतं. माझं सासर बेसा, तेव्हा नागपूरजवळचं शेतांचं गाव. त्या पावसाळ्यात गुरांत तिवा आला. डास-माश्या चावून पसरणारा तीन दिवसांचा ताप. बैल लाळ गाळतो, पाय आखडतात, बसतो, आणि बहुधा तिसऱ्या दिवशी आपला आपण उठतो. आमच्या जोडीतला काळा आधी बसला. निंदणाची घाई, त्याच्याकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. तिसऱ्या दिवशी उठून चारा मागू लागला.

पोळा दोन दिवसांवर आला आणि पांढरा बसला.

मी नवी सून, त्यात वैद्याची लेक; अंगात शहाणपण जरा जास्तच. सासरे म्हणाले, "हात नको लावू वं त्याले. उठते तो आपल्या मनानं."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकून त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायची आमच्याकडची रीत. सासरे पांढऱ्यापाशी उकिडवे बसले, खांदा चोळला आणि म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्याशी ते वर्षभरात इतक्या मायेनं बोलले नव्हते.

सकाळी पांढरा तसाच. चुलीवर पुरण शिजत होतं, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आवतन दिलेला पाहुणा उपाशी राहणार? सासरे गावाच्या वेशीवर पोळ्याचं तोरण बांधायला गेले तेवढ्यात मी सुंठ-मिऱ्यांचा काढा केला. नवऱ्यानं पांढऱ्याची मान वर धरली, मी बांबूच्या नळीनं घशात ओतला. त्याला गिळता येईना. मला वाटलं, नखरे करतो. आणखी ओतला. तो ठसकला, काढा नाकातून आला, श्वास घरघरू लागला. संध्याकाळी तोरण तुटून पोळा फुटायच्या आत बैल गेला.

पुढे बुळकांडीची लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांना मी विचारलं. तिव्यात गिळायची ताकद जाते, पाजलेलं फुप्फुसात उतरतं, असं ते म्हणाले. काळा समोरच रवंथ करत होता.

त्या पोळ्याच्या संध्याकाळी नळी गोठ्यातच पडली होती. सासऱ्यांनी ती पाहिली. काळ्याला पुरणपोळी चारली आणि दुसरं ताट घेऊन माझ्याकडे आले. मी शिव्यांची वाट पाहत उभी.

"खाऊन घे वं," ते म्हणाले, "सकाळपासून उपाशी आहेस."

पांढऱ्याच्या वाट्याची ती पोळी मी तोंडात घातली. मला ती गिळता आली नाही.