काकांचा दाढीचा आरसा

अकोल्याच्या जुन्या शहरात फ्रेमा करणारे काका कुठलंही चित्र आधी सरळ पाहतच नसत. दुकानात खिळ्याला दाढीचा गोल आरसा टांगलेला असे. चित्र त्याच्यासमोर धरायचं, आरशात डोकावायचं आणि मगच तोंड उघडायचं. अख्खी गल्ली त्यांना आरसेवाले म्हणे. दाढी मात्र ते न्हाव्याकडेच करत.

त्यांच्याकडे जास्त काम यायचं ते देवांच्या आणि गेलेल्या माणसांच्या फोटोंचं. गेलेल्याचा फोटो आला, की घरच्या कुणाला तरी तो नीट पाहायला लावल्याशिवाय ते काच बसवत नसत. ‘‘मेलेला मानूस काई सांगाले येत नाई, का बाप्पा, हा मी नोहो. त्याच्या बाजूनं आपुनच पायलं पायजे.’’ गिऱ्हाइकं वैतागत. एकदा मीही वैतागले.

माझं माहेर अकोल्याचं; मी अमरावतीला कॉलेजात इतिहास शिकवते. आमच्या ग्रंथालयात एका जुन्या विलायती पुस्तकाची सुटी पानं सापडली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं होती ती : पागोटी, लुगडी, पूजा, प्रेतयात्रा. प्रदर्शन ठरलं आणि गठ्ठा घेऊन मी काकांकडे गेले. चित्रांखालच्या ओळी मीच लिहून, छापून आणल्या होत्या. एका चित्रात उघड्या अंगाचा गृहस्थ पाटावर बसलेला, जानवं उजव्या खांद्यावर. पितरांच्या कार्यात जानवं तसं घेतात, एवढं ज्ञान मला होतं. मी ऐटीत लिहिलं होतं, ‘श्राद्ध’.

काकांनी आरशात पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. ‘‘म्याडम, हा डाव्या हातानं फुलं वाहून राहिला. मांगं बायको हळदीकुंकू घेऊन उभी हाय. तुमी त जित्या घरात तेरवी घातली न बाई!’’

मग त्यांनी समजावलं. समोर दिसलं तसंच पत्र्यावर कोरलं, की कागदावर ते उलटं उमटतं. म्हणून तर रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात. आरशात जानवं डाव्या खांद्यावर आलं, फुलं उजव्या हातात आली. घरातली रोजची पूजा होती ती. माझी पदवी गेली मोर्णा नदीत वाहून! तरी मी म्हटलंच, ‘‘राहू द्या काका, आता छापून झालंय. कुणाला कळतंय?’’

‘‘त्याले कळते न,’’ काका चित्रातल्या माणसावर बोट ठेवून म्हणाले आणि हातोडी बाजूला ठेवून चहा सांगायला गेले. मी निमूटपणे ओळ बदलली. तेव्हापासून अकोल्याला गेले की काकांकडे डोकावल्याशिवाय मी परतत नसे.

यंदा काका गेले. तेरवीला मी पोचले, तर पाटावर हार घातलेला मोठा फोटो. मुलगा म्हणाला, ‘‘जल्मभर लोकाइचे फोटो मढवले, पन सोताचा एक नाई काढला. मोबाइलात त्याइनंच काढलेला सेल्फी होता, तोच मोठा केला.’’

काकू फोटोशेजारी बसल्या होत्या. मला जवळ बसवून हळूच म्हणाल्या, ‘‘कोनाले सांगू नका, पन मले हे परके वाटून राहिले. बारा दिवस झाले, पाहाले जीव होत नाई, रडूबी येत नाई. माहंच काई बिघडलं का?’’

मी फोटोकडे पाहिलं. उजव्या भुवईवरची चामखीळ डाव्या भुवईवर होती. सदऱ्याचा खिसाही उजवीकडे. सेल्फी उलटा निघाला होता. उठले, घराच्या पुढच्या भागातल्या काकांच्या दुकानात गेले आणि खिळ्यावरचा आरसा काढून आणला. फोटोसमोर धरला आणि काकूंना म्हटलं, ‘‘यात पाहा.’’

काकू वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग डोक्यावरून घसरलेला पदर त्यांनी दोन्ही हातांनी पुढे ओढून घेतला.

‘‘आता आले,’’ त्या म्हणाल्या, आणि बारा दिवसांत पहिल्यांदा रडल्या.