सुदान, ब्लॅकफीट आणि सहा चटयांचं घर

क्योतोला गेल्यावर दुसऱ्या वर्षी मला काम मिळालं. आरुबाइतो, म्हणजे तासावर पैसे मिळतात ते जोडकाम, आठवड्यातून तीन दुपारी. काम होतं अमेरिकेतल्या गरिबीचं.

नवरा धातुशास्त्रात संशोधन करायला आला होता आणि त्याच्या पासपोर्टाच्या शेपटाला धरून मी. पुण्यात एम.ए. इकॉनॉमिक्स करून दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. क्योतोत त्याचा उपयोग भाजीवाल्याकडची घासाघीस करण्याइतकाही नव्हता, कारण तिथले भाजीवाले घासाघीस करत नाहीत. नवऱ्याची शिष्यवृत्ती सुरू व्हायला अजून आठ-दहा महिने होते. तेवढ्यात त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुणीतरी सांगितलं की अर्थशास्त्राच्या इमारतीत एका प्राध्यापकांना इंग्रजी येणारी बाई हवी आहे.

हे प्राध्यापक म्हणजे सेन्सेई; जपानीत गुरुजींना असंच म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, अंगानं काटकुळे, बोलण्यात फार सौम्य. मला ते पहिल्या दिवसापासून 'ओकुसान' म्हणत, म्हणजे कुणाच्यातरी घरची बाई. नाव त्यांनी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्यांचा विषय त्यांनी इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत समजावला. दक्षिण सुदानातल्या युद्धातून पळालेली, इथिओपिया-केनियातल्या छावण्यांत वर्षं काढलेली कुटुंबं अमेरिकेत येऊन पोचत होती आणि मधल्या राज्यांतल्या लहान शहरांत मांसाच्या कारखान्यांत कामाला लागत होती. दुसरीकडे ब्लॅकफीट ही तिथल्या मूळ रहिवाशांची जमात. मोंटाना राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, त्यांची राखीव जमीन आहे. एक समाज कालपरवा आलेला आणि दुसरा कायमचाच तिथला. दोघांपैकी आर्थिकदृष्ट्या जास्त मागे कोण?

"तुम्ही तिथं किती वेळा गेलात?" मी विचारलं.

"एकदाही नाही," सेन्सेई म्हणाले. "मला कानाचा त्रास आहे. विमान चालत नाही. पण लांबून जास्त स्वच्छ दिसतं."

मला हे पटलं. पुण्याच्या कॉलेजात आम्हीही ग्रामीण अर्थशास्त्र असंच शिकवत होतो.

काम सोपं होतं. अमेरिकेहून आलेल्या अहवालांचे झेरॉक्स वाचायचे, त्यातलं उपयोगाचं कार्डांवर उतरवायचं आणि शेवटी एका मोठ्या तक्त्यात भरायचं. तक्त्याला दोन रकाने होते, डावीकडे सुदान आणि उजवीकडे ब्लॅकफीट. ओळी अशा: घर, रोजगार, शिक्षण, वाहन, टेलिफोन, आंघोळीची सोय, बाहेरून मिळणारी मदत. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'भविष्याबद्दलचा दृष्टिकोन'. तिथं उत्तम, बरा, मध्यम किंवा वाईट यांतलं एक लिहायचं.

दीड महिन्यात मी जाणकार झाले. जी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती त्यांच्याबद्दल माझी ठाम मतं झाली. सुदानच्या लोकांचा दृष्टिकोन मी 'बरा' ठरवला, ब्लॅकफीटांचा 'मध्यम'. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मध्यम कशावरून?"

"अहवालाच्या सुरावरून."

"आणि आपला?"

"आपला प्रश्नच येत नाही," मी म्हटलं. "आपण काय गरीब आहोत?"

हिवाळ्याच्या तोंडाला सेन्सेईंनी अभ्यासबैठक ठरवली. त्यांना दोन पाहुणे सापडले होते. एक सुदानी विद्यार्थी आमच्याच विद्यापीठात पाटबंधाऱ्यांवर डॉक्टरेट करत होता. दुसरी ब्लॅकफीट तरुणी, क्योतोपासून तासाभरावरच्या एका गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. दोन्ही रकाने चालत येणार म्हणून सेन्सेई इतके खूश झाले की खोलीतली खुर्चीसुद्धा त्यांनी स्वतः पुसली.

पाहुण्यांना बस स्टॉपवरून आणायचं काम माझं होतं. सुदानी गृहस्थ उंच, इस्त्रीच्या सुटात, माझ्याशी अदबीनं बोलणारे. ती तरुणी जीन्स आणि जाड कोटात, येताच म्हणाली, "मला वाटलं इंडियन मी एकटीच असेन." भारत शोधायला निघून चुकीच्या पत्त्यावर पोचलेल्या त्या दर्यावर्दी माणसामुळे आम्हा दोघींना एकच नाव मिळालं होतं. या एका गोष्टीवर आमची मैत्री झाली.

बैठकीत सेन्सेईंनी तक्ता भिंतीवर लावला. सुदानी पाहुण्यांना डाव्या रकान्यासमोर बसवलं, तिला उजव्या. दहा-बारा विद्यार्थी वह्या उघडून तयार.

सुदानी पाहुणे उभे राहिले. बराच वेळ त्यांनी आपला रकाना वाचला. मग म्हणाले, "सेन्सेई, मला क्षमा करा. मी खार्टूमचा. माझे वडील डॉक्टर आहेत. ही माणसं दक्षिणेची. युद्धानं उठून ती आमच्या शहरातही आली होती. आमचं घर बांधलं गेलं तेव्हा विटा वाहायला त्यांच्यातलेच लोक होते. मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. आज तुमच्या भिंतीवर त्यांच्याबद्दल जेवढं वाचलं तेवढं मला देशात असताना माहीत नव्हतं."

मला त्यांचा थोडा राग आला. आपल्याच देशातल्या माणसांशी कधी बोलला नाही! मग आठवलं, पुण्याच्या आमच्या घरी अकरा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या बाईंचं गाव कोणतं हे मला सांगता आलं नसतं. मी मान खाली घालून चहा ओतायला घेतला.

सेन्सेईंनी आशेनं उजवीकडे पाहिलं.

"मी सिअॅटलला वाढले," ती म्हणाली. "वडील मोटार मेकॅनिक. राखीव जमिनीवर आजी राहते. उन्हाळ्यात जायचे मी." मग तिनं तक्त्यावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय 'जमीन आहे'. आहे खरी. पणजोबांच्या नावाचा तुकडा. आता त्याला इतके वारस झालेत की आजीला त्यावर कोंबड्यांचं खुराडं बांधायचं तरी साठ जणांच्या सह्या लागतील. त्यातले निम्मे कुठं आहेत कुणाला ठाऊक नाही. कर्ज काढावं तर बँक म्हणते, जमीन सरकारच्या ताब्यात, तारण चालत नाही. म्हणून ती बाहेरच्या गुरंवाल्याला भाड्यानं दिलीय. त्याची गुरं चरतात आणि आजी खिडकीतून बघते."

विद्यार्थ्यांना हे समजेना. सेन्सेईंनाही समजेना. जमीन आहे तर उत्पन्न का नाही? खोलीत एकटी मीच मान डोलवत होते. सातबाऱ्यावर काका, चुलत काका, आत्या आणि मेलेल्या माणसांची नावं असली की काय होतं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मी सेन्सेईंना माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं, "जमीन आहे, पण ती नात्यागोत्यात अडकली आहे." त्यांनी ते लिहून घेतलं.

बैठक संपल्यावर भांडी विसळायला ती माझ्याबरोबर आली.

"हा तक्ता तू भरतेस?"

"हो."

"स्वतःच्या घराचा भरून पाहिलास कधी?"

मी हसले. तिनं कोरा तक्ता उचलून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी मी तो खरंच भरला. घर: एक खोली, सहा तातामी, म्हणजे सहा चटया पसरतील एवढी. संडास: मजल्यावरच्या पाच बिऱ्हाडांत एक. आंघोळ: घरात सोय नाही, गल्लीच्या टोकाला सार्वजनिक स्नानगृहात, एक दिवसाआड. टेलिफोन: नाही. वाहन: दोन सायकली. सामान: मोठा कचरा टाकायच्या दिवशी लोकांनी रस्त्यावर ठेवलेल्यातून उचललेलं. रोजगार: नवऱ्याला नाही, बायकोला अर्धवेळ. बाहेरून मदत: सासरे. शिक्षण: एम.ए., पीएचडी चालू. भविष्याबद्दलचा दृष्टिकोन: उत्तम.

लिहिताना मजा वाटली. पूर्ण झाल्यावर डाव्या आणि उजव्या रकान्यांशी ताडून पाहिलं आणि मजा थोडी कमी झाली. आंघोळीच्या ओळीत आम्ही दोघांच्याही खाली होतो. टेलिफोनच्या ओळीतही. सुदानी कुटुंबांकडे वर्षभरात निदान एक जुनी गाडी तरी आली होती.

कागद मी अहवालांच्या गठ्ठ्यात ठेवला आणि विसरले. पुढच्या आठवड्यात सेन्सेई तो हातात धरून माझ्या टेबलाशी आले. इतके उत्तेजित मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ओकुसान, हा तिसरा समाज कोणता? तुम्हाला कोणत्या अहवालात सापडला?"

मी हातातलं कार्ड खाली ठेवलं.

"फार बिकट परिस्थिती आहे. सामान कचऱ्यातून! पण शिक्षण पाहा, पीएचडी! आणि एवढं असून दृष्टिकोन उत्तम. हे माझ्या सगळ्या मांडणीला धक्का देणारं आहे. कुठं राहतात हे लोक?"

"सेन्सेई," मी म्हटलं, "इथून सायकलनं बारा मिनिटं."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. कानाच्या पाळीपासून लाली सुरू झाली आणि पार टाळूपर्यंत गेली. "सुमिमासेन," एवढंच पुटपुटून, म्हणजे माफी मागून, ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपलं काम गेलं, असं मी धरून चालले.

रविवारी सकाळी अकराला ते आमच्या दारात उभे होते. हातात कागदात गुंडाळलेलं खरबूज. कानाच्या त्रासामुळे ज्यांनी मोंटाना पाहिलं नव्हतं ते सेन्सेई बस बदलून आमच्या घरी आले होते. नवरा बनियनवर होता. तो शर्ट शोधायला वळला, पण खोली एकच असल्यामुळे त्याला पाठ फिरवूनच शर्ट घालावा लागला. मी पोहे केले. सेन्सेई गुडघ्यांवर बसले, तांदूळ चपटा का केला हे विचारलं, दोनदा घेतले. अधूनमधून नजर फिरवत होते. मला ठाऊक होतं की ते ओळीनं चाललेत, घर, टेलिफोन, सामान.

शेवटी ओठ पुसून ते म्हणाले, "मी विचार केला. तुम्ही गरीब नाही. तुम्ही तात्पुरते आहात."

नवऱ्याला हे फार आवडलं. ते गेल्यावर त्यानं दोनदा म्हणून दाखवलं. "बघ, आपण तात्पुरते." मी खरबूज कापत होते. खोली शोधताना पाच घरमालकांनी आम्हाला नकार दिला होता, अगदी गोड बोलून, आणि प्रत्येकानं कारण हेच दिलं होतं की परदेशी माणसं तात्पुरती असतात. ज्या शब्दानं आम्हाला घर मिळालं नाही त्याच शब्दानं आम्ही गरिबीतून सुटलो. नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. त्याचा रविवार चांगला चालला होता.

पण सेन्सेईंच्या मनात तो शब्द राहिला असावा. सोमवारी तक्त्याच्या तळाशी त्यांनी पेन्सिलीनं नवी ओळ आखली होती, 'किती काळ?' आम्ही दोघांनी सगळी कार्डं पुन्हा पाहिली. सुदानी कुटुंबांबद्दल प्रत्येक अहवालात 'सुरुवातीच्या काळात' हे शब्द होते. ब्लॅकफीटांबद्दल ते शब्द कुठंच नव्हते, कारण त्यांची सुरुवात कधी झाली हे कुणी विचारलं नव्हतं. मी सार्वजनिक फोनवरून त्या तरुणीला विचारलं. ती म्हणाली, "लिही की आम्ही फार श्रीमंत होतो, मग तात्पुरती अडचण आली. शंभरेक वर्षं झाली." मी तसंच सेन्सेईंना सांगितलं. ते हसले नाहीत. 'भविष्याबद्दलचा दृष्टिकोन' ही ओळ मात्र त्यांनी दोन्ही रकान्यांतून खोडून टाकली. माझं 'बरा' आणि 'मध्यम' गेलं, आणि मला हलकं वाटलं.

सुदानी गृहस्थ त्यानंतर एकदा ग्रंथालयात भेटले. वडिलांना त्यांनी पत्र लिहून विचारलं होतं, आपल्या घराच्या विटा वाहणारी ती माणसं कुठली होती, त्यांची नावं काय. वडिलांनी घरच्या सगळ्यांची खुशाली कळवली होती आणि खाली विचारलं होतं, कोणती माणसं?

लेख पुढच्या वर्षी विभागाच्या नियतकालिकात छापून आला. कोण जास्त मागे, हा प्रश्न शीर्षकातून गेला होता आणि शेवटी अधिक अभ्यासाची गरज व्यक्त केली होती. तळटीपेत इंग्रजी सुधारल्याबद्दल 'एका भारतीय गृहिणीचे' आभार होते. तोवर शिष्यवृत्ती सुरू होऊन आम्ही विद्यापीठाच्या दोन खोल्यांत गेलो होतो आणि घरात टेलिफोन आला होता.

ती तरुणी करार संपवून परत गेली, पण जाऊन महिना झाल्यावर तिचा फोन आला. आजीकडून बोलत होती. वारा इतका होता की तिचं बोलणं मधेमधे उडून जात होतं. लेखाचा इंग्रजी सारांश तिनं आजीला वाचून दाखवला होता.

"काय म्हणाली?"

"तुमच्या जपानी म्हाताऱ्याबद्दल काही नाही. म्हणाली, हे सुदानचे लोक म्हणजे गुरं राखणारे ना? मग आता त्यांच्याकडे किती गुरं आहेत?"

"एकही नाही," मी म्हटलं. "कारखान्यात मांस कापतात."

ती हे आजीला तिकडे ओरडून सांगत असल्याचं मला ऐकू आलं.

"आजी म्हणतेय," ती म्हणाली, "अरेरे, बिचारे. त्यांच्यासाठी आपल्याला काही करता येईल का, विचार."